चावला की सुटत नाही!

अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘अर्ध्या इंचाचा शार्कबाइट द्या’ म्हटलं, तर कुणी दचकत नाही. दुकानदार तुमच्या हातावर एक छोटासा पितळी कपलर ठेवतो. तांब्याच्या पाईपचं टोक त्यात घालायचं, जोर लावून ढकलायचं, पाईप तळाला टेकला की काम फत्ते. सोल्युशन नको, टेफलॉन टेप नको, पान्हा नको, डाग द्यायची बत्ती नको. लगेच पाणी सोडा.

पाण्याचे पाईप जोडायच्या या तऱ्हेला पुश-फिट म्हणतात आणि शार्कबाइट हे त्यातल्या एका ब्रँडचं नाव. मूळ कंपनी ऑस्ट्रेलियाची, रिलायन्स वर्ल्डवाइड. (आपल्या ओळखीच्या रिलायन्सशी तिचा काही संबंध नाही.) 1949 मध्ये ब्रिस्बेनमध्ये हत्यारं बनवणारा छोटा कारखाना म्हणून ती सुरू झाली. 2004 च्या सुमारास तिचं हे फिटिंग अमेरिकेत आलं आणि नाव इतकं रुळलं, की फिटिंग दुसऱ्या कंपनीचं असलं तरी लोक शार्कबाइटच म्हणतात. आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं.

नाव चपखल आहे. शार्कचे दात घ्या, कातडी घ्या, इतकंच काय, आतडं घ्या. सगळीकडे एकच युक्ती दिसते. एका दिशेने या, वाट मोकळी आहे. उलट फिरलात तर अडकलात. पुश-फिटचाही सगळा जीव याच युक्तीत आहे. म्हणून आज मासळीबाजार आणि नळकाम एकाच पंगतीत.

कपलरच्या पोटात

पितळी कवचाच्या आत दोन मानकरी बसलेले असतात. पहिली स्टेनलेस स्टीलची चकती. तिच्या आतल्या कडेला बारीक दात, सगळे आतल्या बाजूला कललेले. पाईप आत जाताना हे दात वाकून वाट देतात. पाईप बाहेर ओढला की त्यांची टोकं पाईपच्या अंगात रुततात. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. दुसरी मानकरी म्हणजे रबराची गोल ओ-रिंग. पाणी अडवण्याचं काम तिचं. दात धरून ठेवतात, रबर गळती थांबवतं. एकाचं काम दुसरा करत नाही.

पकड किती लागते, याचा हिशोब मजेशीर आहे. अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या पाईपचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसतोच मुळी. तो असतो 5/8 इंच, म्हणजे सुमारे 15.9 मिलिमीटर. आपल्या घरातल्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाईपचा व्यासही तेवढाच, कारण ती मापं तांब्याच्या पाईपवरूनच उचललेली आहेत. आता समजा गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळापासून 20 मीटर उंच आहे. तिथे पाण्याचा दाब साधारण 2 बार. एवढ्या दाबाने सांध्यातला पाईप बाहेर ढकलला जातो तो सुमारे 4 किलोच्या जोराने. शार्कबाइटचं फिटिंग 200 पीएसआय दाबाला आणि 93 अंश सेल्सिअस तापमानाला चालेल असं कंपनी सांगते. त्या दाबाला हाच जोर 28 किलोच्या घरात जातो. रात्रंदिवस, न थकता, एवढ्या ओढीला ते इवले दात धरून राहतात. मला या चकतीचं मनापासून कौतुक वाटतं.

आणखी एक गंमत: जोडल्यावरही हे फिटिंग पाईपवर गोल फिरवता येतं आणि तरी गळत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सांधा ढिला राहिला. तो तसा राहिलेला नसतो.

आधी ओठ, मग दात

दात आणि रबर यांची जोडी समुद्रात कुणाकडे असेल, तर ती कुकीकटर शार्ककडे. लांबी जेमतेम हातभर. उष्ण समुद्रात दिवसा खोल पाण्यात राहते, रात्री वर येते. शिकार करते ती स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्यांची: देवमासे, डॉल्फिन, ट्यूना. पण ती त्यांना मारत नाही, एक घास घेऊन निघून जाते. पद्धत अशी: मांसल ओठ भक्ष्याच्या अंगावर चिकटवायचे आणि आतून ओढून घेऊन हवाबंद, किंवा पाणीबंद म्हणा, पकड बसवायची. मग खालच्या जबड्याचे करवतीसारखे एकसलग दात रुतवायचे आणि अंग गर्रकन फिरवायचं. मांसाचा गोल तुकडा सुटून येतो आणि मागे वाटीएवढी नीटस खाच राहते.

1970 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर अशाच गोल खाचा दिसू लागल्या. सोनार यंत्रणेवरच्या रबरी आवरणाचे लचके निघत होते. शत्रूचं नवं हत्यार असावं अशीही शंका घेतली गेली. शेवटी सापडली ती ही हातभर शार्क. पुढे ती आवरणं फायबरग्लासने झाकली गेली. तिचे खालचे दात एकेक पडत नाहीत, अख्खी रांग एकदम सुटते आणि ती स्वतःच ती गिळून टाकते. कॅल्शियम वाया जाऊ नये, हे त्यामागचं कारण असावं असं मानतात.

हात फिरवा, पण दिशा बघून

मुशी साफ करणाऱ्या कोळणीला हे सांगावं लागत नाही. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी मऊसूत. उलटा फिरवला तर पॉलिशपेपर. शार्कला इतर माशांसारखे खवले नसतात. तिच्या कातडीवर असतात सूक्ष्म दात. खरोखरचे दात: आत मगज, मग डेंटिन, वर इनॅमलसारखा थर. सगळ्यांची टोकं शेपटीकडे. जपानमध्ये वसाबीचं मूळ किसायला पिढ्यान्‌पिढ्या शार्कच्या कातडीची किसणी वापरतात, आणि विमानाच्या अंगावर याच कातडीसारख्या बारीक रेघांची फिल्म चिकटवून लुफ्थान्सासारख्या कंपन्या साधारण एक टक्का इंधन वाचवतात.

आट्यांचं अंडं

पाईप जोडायची जुनी रीत आट्यांची. जीआय पाईपला आटे पाडायचे, सुतळी गुंडाळायची, सफेदा लावायचा आणि पान्ह्याने पिळायचं. निसर्गात आटे फारसे दिसत नाहीत, पण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट जॅक्सन शार्कचं अंडं चक्क आटे पाडलेलं असतं. अंड्याच्या चिवट, तपकिरी कवचाभोवती दोन पट्ट्या स्क्रूसारख्या गुंडाळलेल्या. ताजं अंडं मऊ असतं. मादी ते तोंडात धरून खडकाच्या फटीत खुपसते. मग कवच कडक होतं आणि अंडं तिथेच जाम बसतं. लाटा आपटोत, कुणी ओढो, सहजी निघत नाही. पिल्लू बाहेर यायला दहा-बारा महिने लागतात, तोवर हा सांधा टिकायलाच हवा.

सगळ्या शार्क अंडी घालतात असं मात्र नाही. अनेक जाती जिवंत पिल्लांना जन्म देतात. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेल्या व्हेल शार्कच्या मादीच्या पोटात 300 च्या आसपास पिल्लं निघाली होती! आणि सँड टायगर शार्कची पिल्लं आईच्या गर्भाशयातच एकमेकांना खातात. प्रत्येक कप्प्यात शेवटी एकच उरतं.

टेस्लाचा व्हॉल्व्ह, पोटातला

निकोला टेस्लाने 1920 मध्ये एका अजब व्हॉल्व्हचं पेटंट मिळवलं. त्यात हलणारा एकही भाग नाही. नळीतच अशी वळणं, की द्रव एका दिशेने सुरळीत वाहतो आणि उलट निघाला की स्वतःच्याच भोवऱ्यात अडखळतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पण ना झडप, ना स्प्रिंग.

2021 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अनेक जातींच्या शार्कची आतडी सीटी स्कॅनरखाली घातली. शार्कचं आतडं आखूड असतं, पण आत जिन्यासारखा चक्राकार पडदा असतो. त्यातून द्रव सोडून पाहिला, तर तो पुढच्या दिशेने लवकर गेला आणि उलट दिशेने रेंगाळला. थेट टेस्लाच्या व्हॉल्व्हसारखा! अन्न हळूहळू पुढे सरकतं, मागे येत नाही, आणि थोड्या जागेत त्यातलं सत्त्व शोषून होतं. शार्कचा वंश 40 कोटी वर्षांहून जुना. झाडांच्याही आधीचा. नळकामातला हा शोध तिने टेस्लाच्या बराच आधी लावून ठेवलाय, असं म्हणायला हरकत नाही.

झटपट झलक

जगात शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. सगळ्या इथे मावणार नाहीत, पण काहींना टाळणं अशक्य.

ग्रीनलंड शार्क थंड पाण्यात संथ जगते. 2016 मध्ये डोळ्यांच्या भिंगातल्या रेडिओकार्बनवरून तिचं वय काढलं. सर्वांत मोठ्या मादीचं वय निघालं 392, त्यात 120 वर्षं इकडे-तिकडे. अगदी कमीत कमी धरलं तरी 272. म्हणजे पानिपत झालं तेव्हा ती समुद्रात होती. वयात यायलाच तिला दीडशे वर्षं लागतात.

ड्वार्फ लँटर्नशार्क वीतभर, आणि तिचं पोट अंधारात चमकतं. मेगामाउथ 1976 पर्यंत विज्ञानाला ठाऊकच नव्हती. हवाईजवळ अमेरिकी नौदलाच्या जहाजाच्या समुद्री नांगरात साडेचार मीटरचं धूड अडकलं, तेव्हा कळलं. थ्रेशरची शेपटी जवळजवळ उरलेल्या अंगाएवढी लांब. ती चाबकासारखी फटकारून तारल्यांना बेशुद्ध करते आणि मग खाते. गॉब्लिन शार्कचा जबडा भक्ष्य दिसलं की तोंडातून पुढे झेपावतो. एपॉलेट शार्क ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळावर परांच्या आधाराने चालते. आणि बॉनेटहेड, आपल्याकडच्या कानमुशीची छोटी बहीण, समुद्री गवत खाते आणि पचवतेसुद्धा. शार्कमध्ये शाकाहाराकडे एवढी झुकलेली दुसरी कुणी आजवर सापडलेली नाही.

गोड्या पाण्यातली मुशी

बहुतेक शार्क नदीत जगू शकत नाहीत. बुल शार्क जगते. तिची मूत्रपिंडं आणि काही ग्रंथी अंगातल्या मिठाचा तोल सांभाळतात. 1937 मध्ये ती मिसिसिपी नदीतून थेट इलिनॉयमधल्या ऑल्टनपर्यंत पोहोचली होती, समुद्रापासून हजार मैलांहून जास्त आत. आपल्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुण मच्छीमारावर शार्कने हल्ला केला आणि त्याला पाय गमवावा लागला. खाडीच्या पाण्यात मुशी येते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. बातमी वाचणाऱ्या शहराला मात्र तो धक्का होता.

गंगा शार्क ही वेगळीच जात, जगातल्या अतिदुर्मीळ शार्कपैकी एक. वर्षानुवर्षं तिचा पत्ता नव्हता. आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ती सापडली कुठे? मुंबईत, ससून डॉकवर, विकायला आलेल्या मासळीत. अडीच मीटरहून लांब मादी. संशोधकांच्या नजरेला ती पडली हे नशीब. किती अशा लिलावात निघून गेल्या असतील, या विचाराने जीव हळहळतो.

कारण हिशोब असा आहे: जगभरात शार्कच्या आपणहून केलेल्या हल्ल्यांत वर्षाला साधारण पाच-सहा माणसं मरतात. मासेमारीत एका वर्षात मरणाऱ्या शार्कची संख्या 2019 साठी सुमारे 8 कोटी मांडली गेली. चित्रपटांनी भीतीची बाजू पुरती उलटी दाखवली आहे.

ब्रेडचा बोळा आणि इतर नळकथा

पुश-फिट आलं कशासाठी? डाग देण्याच्या कटकटीपायी. तांब्याचा पाईप डाग द्यायचा तर तो कोरडा हवा. आत थोडं जरी पाणी झिरपत असलं तरी उष्णता पाणीच पिऊन टाकतं आणि कथील वितळतच नाही. अमेरिकी प्लंबरांची यावरची जुनी हिकमत म्हणजे पाईपात पावाच्या मऊ गराचा बोळा कोंबणे. तो पाणी धरून ठेवतो तेवढ्यात डाग द्यायचा. नंतर नळ सोडला की बोळा विरघळून बाहेर. पुश-फिटला ही अट नाही, ओल्या पाईपवरही ते बसतं. शिवाय भिंतीतल्या लाकडाजवळ ज्योत न्यावी लागत नाही.

ब्रिटनमध्ये हे तंत्र आधीच घरोघरी पोहोचलं होतं. तिथल्या 1961 मध्ये सुरू झालेल्या जॉन गेस्ट कंपनीने आधी दाबाखालच्या हवेच्या नळ्यांसाठी ढकलून बसणारे प्लॅस्टिकचे कनेक्टर आणले आणि पुढे ते पाण्याच्या पाईपांकडे वळवले. 2018 मध्ये शार्कबाइटवाल्यांनी ही अख्खी कंपनीच सुमारे 69 कोटी पौंडांना विकत घेतली.

ओ-रिंगची कहाणी याहून मोठी. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सन या कारागिराने 1937 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. ओ-रिंगचं मर्म असं की रबराची कडी खाचेत किंचित दाबून बसवायची. दाब वाढला की तोच दाब कडीला फटीवर आणखी रेटतो आणि सांधा जास्त घट्ट होतो. पण रबर कडक झालं तर हे गणित फसतं. 28 जानेवारी 1986 च्या कडाक्याच्या थंडीत चॅलेंजर यान उडालं, त्याच्या रॉकेटमधल्या ओ-रिंगने साथ सोडली आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर दाखवलं: थंड झालेलं रबर पूर्ववत व्हायला वेळ घेतं.

शार्क आणि मानवी जोडणी यांची खरोखर गाठ पडल्याचाही दाखला आहे. 1980 च्या दशकात कॅनरी बेटांजवळ समुद्रतळावरच्या टेलिफोन केबलमध्ये शार्कचे दात रुतलेले सापडले होते. तरी केबल तुटण्याची बहुतेक कारणं माणसाचीच: नांगर आणि तळ खरवडणारी जाळी.

साठ टँकर, एका तासाला

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. मोजलेली कमाल लांबी 18 मीटरहून जास्त. तोंडात हजारो दात, पण काडीच्या टोकाएवढे, चावायला निरुपयोगी. ती पाणी गाळून जगते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अभ्यासलेली सहा मीटरची व्हेल शार्क तासाला 600 घनमीटरच्या आसपास पाणी गाळते असा हिशोब निघाला. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे साठ टँकर. आणि जाळी तुंबत नाही. पाणी गाळणीवर सरळ आदळण्याऐवजी तिच्या अंगाने आडवं वाहतं आणि अन्नाचे कण घशाकडे ढकलले जातात, असा संशोधकांचा कयास आहे. हीच आडव्या प्रवाहाची पद्धत तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओच्या मेम्ब्रेनमध्ये असते.

हिच्या यकृताचं तेल गुजरातच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना चोपडायचे, पाणी आत शिरू नये म्हणून. त्यापायी तिची कत्तल चाले. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या चित्रफितीने ती जगासमोर आणली आणि 2001 मध्ये व्हेल शार्क हा भारतात कायद्याचं संरक्षण मिळालेला पहिला मासा ठरला. मग रामकथाकार मोरारी बापूंनी तिला बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि मच्छीमार जाळं कापून तिला सोडू लागले. महाराष्ट्रातही असं संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं, तर मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. माझ्या मते हा किनाऱ्यावरचा सर्वांत शहाणा खर्च आहे.

तुमच्या घरातलं पुश-फिट

आपल्याकडे पाण्याच्या मुख्य पाईपांना अजून सोल्युशनच चालतं, आणि स्वस्त व टिकाऊ आहे तोवर चालू द्यावं. पण पुश-फिट तुमच्या घरात बहुधा आधीच आहे: आरओच्या त्या पांढऱ्या पाव इंची नळ्यांना. चाकणच्या कारखान्यातल्या हवेच्या नळ्यांनाही हेच सांधे.

गळतीची कारणं सगळीकडे तीच. पाईप तिरका कापलेला, कापलेल्या कडेची कूस तशीच ठेवल्याने ओ-रिंग चिरलेली, आणि सगळ्यांत जास्त वेळा, पाईप पुरता तळापर्यंत न ढकललेला. अर्ध्या इंचाला तो साधारण 25 मिलिमीटर आत जायला हवा. आधी पेनने खूण करा आणि खूण कपलरच्या तोंडाशी टेकेपर्यंत ढकला. हॅक्सॉ ब्लेडने कापण्यापेक्षा पाईप कटर घ्या. जोडणी सोपी करायला तेल किंवा ग्रीस चोपडू नका. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं.

आणि आरओची नळी काढायची असेल, तर हिसका देऊ नका. हिसका दिला की दात आणखी रुततात. आधी पाण्याचा कॉक आणि टाकीचा कॉक बंद करा, नळातून उरलेलं पाणी सोडून दाब उतरवा. छोटी क्लिप असेल तर ती काढा. मग नळीभोवतीची कॉलर दोन बोटांनी चारही बाजूंनी सारखी आत दाबून धरा. तिने दात उचलले जातात. कॉलर दाबलेली असतानाच नळी सरळ मागे ओढा. पुन्हा बसवताना दातांचे ओरखडे पडलेलं टोक सेंटिमीटरभर कापून टाका, नळी आखूड पडणार नाही एवढं बघून.